घरचे भांडण न्यायालयाच्या उंबऱ्यावर

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकली आहे, आणि वेळप्रसंगी दुसऱ्याला ऐकवलीही आहे. म्हण काही उगाच जन्माला आलेली नाही. हातभर बांधासाठी दोन भावांनी वीस वर्षे तारखा केल्या, शेवटी बांधही गेला आणि बैलजोडीही गेली, अशा अनुभवातून ती आली आहे. जमिनीच्या तंट्यात हा शहाणपणाचा सल्ला असेलही. पण घरच्या तंट्यात ही म्हण कोण कोणाला सांगतो, ते जरा पाहा. माहेरी परत आलेल्या मुलीला गावातली वडीलधारी माणसे ती सांगतात. पोराने घराबाहेर काढलेल्या म्हाताऱ्या बापाला शेजारी ती सांगतात. म्हणजे ज्याच्या हातात घराची किल्ली आहे त्याला नव्हे, तर ज्याच्यासाठी घराचे दार बंद झाले आहे त्यालाच आपण सांगतो की, बाबा रे, तू पायरी चढू नकोस! तेव्हा ही पायरी आहे तरी कशी, ती चढल्यावर आत काय होते, आणि न चढल्यामुळे काय बिघडते, याचा आज नीट विचार करू.

आधी न चढल्यामुळे काय बिघडते ते पाहू. नवरा-बायकोचे पटेनासे झाले की खेड्यात पहिली बैठक पारावर किंवा नात्यातल्या कुणाच्या ओसरीवर होते. चार माणसे बसतात, दोन्ही बाजू ऐकतात. समेट झाला तर फारच चांगले. अशा बैठकीने सांधलेली घरे आपल्या गावोगाव आहेत, आणि कायद्यालाही त्याचे वावडे नाही. अडचण होते ती समेट न झाल्यावर. तालुक्याहून स्टॅम्पपेपर आणला जातो. त्यावर 'आम्ही राजीखुशीने सोडचिठ्ठी घेत आहोत, यापुढे एकमेकांवर हक्क नाही' असे लिहिले जाते. दोघांच्या सह्या, पाच पंचांच्या सह्या, वर नोटरीचा शिक्का. मुलीच्या हातात थोडे पैसे आणि तिची भांडी ठेवतात, आणि सगळे म्हणतात, 'सुटला एकदाचा प्रश्न.'

मंडळी, प्रश्न सुटत नाही, तो इथूनच सुरू होतो. स्टॅम्पपेपर म्हणजे शेवटी कागद. नोटरीचा शिक्का म्हणजे सही अमक्याचीच आहे एवढी ओळख. लग्न मोडण्याचा अधिकार ना त्या कागदाला आहे, ना त्या शिक्क्याला. हिंदू विवाह कायदा १९५५ साली आला. तेव्हापासून हिंदूंचे, तसेच बौद्ध, जैन आणि शीख यांचे लग्न कायद्याने मोडायचे तर न्यायालयाचा हुकूमनामा लागतो. एक अपवाद त्या कायद्याने ठेवला आहे. एखाद्या जातीत काडीमोड घेण्याची जुनी, अखंड चालत आलेली रूढी असेल तर ती रूढी कायदा मानतो. पण अशी रूढी आहे, ती प्राचीन आहे आणि आपण ती तंतोतंत पाळली आहे, हे जो म्हणतो त्यालाच न्यायालयात पुराव्यानिशी सिद्ध करावे लागते. 'आमच्यात चालतं' एवढ्या शब्दावर ते सिद्ध होत नाही.

मग होते काय? त्या कागदाच्या भरवशावर पुरुष दुसरे लग्न करतो. पहिले लग्न कायद्याने शाबूतच असते, म्हणून दुसरे लग्न सुरुवातीपासूनच रद्दबातल ठरते. दुसऱ्या घरची मुलगी बिचारी फसते. लग्न तर लागले, पण कायद्याच्या दृष्टीने ती बायको नाही. आणि पहिली फिर्यादीला उभी राहिली, तर पहिला जोडीदार हयात असताना दुसरे लग्न करण्याच्या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. मुलीच्या आईबापांनी सोडचिठ्ठीवर विसंबून तिचे दुसरे लग्न लावले, तर हीच धोंड तिच्याही गळ्यात पडते. अशा लग्नापासून झालेल्या मुलांना मात्र कायद्याने वाऱ्यावर सोडलेले नाही. ती औरसच मानली जातात. चूक मोठ्यांची, तिची शिक्षा लेकरांना नको, असा त्यामागे विचार आहे.

आपल्याकडचा हा इतिहास थोडा जुना आहे, तोही सांगून ठेवतो. देशभराचा कायदा होण्यापूर्वीच त्या वेळच्या मुंबई राज्याने १९४६ साली हिंदूंमधील द्विभार्या विवाहाला बंदी केली आणि १९४७ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. म्हणजे 'एका वेळी एकच लग्न' ही गोष्ट आपल्या भागाला काही काल-परवा कळलेली नाही. आणि एखाद्या जातपंचायतीने आपला निकाल न मानणाऱ्या कुटुंबाला वाळीत टाकले, तर २०१६ च्या महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. पंचांनी समजूत घालावी, जरूर घालावी. पण हुकूम सोडू नये.

आता कोणाला कोणता कायदा, ते थोडक्यात. विवाह आणि घटस्फोट यांचे कायदे आपल्या देशात धर्माप्रमाणे वेगळे आहेत. हिंदू विवाह कायद्याचा उल्लेख वर आलाच. मुसलमान स्त्रीला न्यायालयातून विवाह मोडून मागता येतो तो १९३९ च्या कायद्याने. एका दमात तीनदा 'तलाक' म्हणून लग्न मोडण्याची रीत २०१९ च्या कायद्याने रद्दबातल आणि शिक्षापात्र ठरली आहे. ख्रिस्ती आणि पारशी समाजांचे कायदे निराळे आहेत. कोणत्याही धर्माच्या दोघांना नोंदणी पद्धतीने लग्न करायचे असेल, तर त्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा सरसकट लागू नाही. त्यांच्याकडे त्यांच्या रूढी चालतात. आपल्या शेजारच्या गोव्यात तर पोर्तुगीज अमदानीतली १८६७ ची दिवाणी संहिता आणि १९१० चे विवाहविषयक कायदे यांवर आधारलेली व्यवस्था आजही आहे, आणि तिथे विवाहाच्या नोंदणीला फार महत्त्व आहे. सीमेवरच्या गावांत सोयरीक जुळवताना हे ध्यानात असू द्यावे.

पण एक गोष्ट सगळ्यांना सारखी आहे, ती म्हणजे पोटगी. तिच्याकडे आपण लवकरच येऊ. त्याआधी न्यायालयाची ओळख करून घेऊ.

घरचे तंटे इतर दाव्यांच्या गर्दीत चालू नयेत, वेगळ्या न्यायालयात, वेगळ्या रीतीने चालावेत, म्हणून १९८४ साली कुटुंब न्यायालयांचा कायदा झाला. दहा लाखांवर वस्तीच्या शहरात असे न्यायालय असलेच पाहिजे, आणि इतर ठिकाणी सरकारला गरजेप्रमाणे ते स्थापता येते. महाराष्ट्रात पुण्याला आणि मुंबईला ही न्यायालये १९८९ साली सुरू झाली. पुढे नागपूर, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर अशा शहरांतही ती आली. नवरा-बायकोमधले घटस्फोटाचे, नांदायला येण्याचे, लग्न रद्द ठरवण्याचे दावे, दोघांमधल्या मालमत्तेचे वाद, पोटगी, मुलांचा ताबा आणि पालकत्व ही सारी कामे एकाच छपराखाली चालतात.

'पण आमच्या तालुक्याला कुठं आहे कुटुंब न्यायालय?' असे तुम्ही विचाराल. बरोबर आहे. जिथे ते नाही तिथे काम अडत नाही, फक्त वाटून जाते. घटस्फोटाचा किंवा नांदायला येण्याचा अर्ज वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे, पोटगीचा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, आणि मुलांच्या पालकत्वाचे काम जिल्हा न्यायालयाकडे जाते. कायदा तोच, हक्क तेच. अर्ज मराठीतून करता येतो.

कोणत्या गावच्या न्यायालयात जायचे, याचीही लोकांना धास्ती असते. सासर गडचिरोलीला आणि माहेर सांगलीला, मग पोरीने तारखेला इतक्या लांब जायचे का? नाही. हिंदू विवाह कायद्यात २००३ साली दुरुस्ती झाली, आणि बायको अर्ज करत असेल तर ती स्वतः जिथे राहते तिथल्या न्यायालयात तिला अर्ज करता येतो. पोटगीचा अर्जही ती जिथे राहते तिथे चालतो.

आता आत काय होते ते पाहू. अर्ज दाखल झाला की दुसऱ्या बाजूला समन्स निघते. इथे एक सूचना करतो. समन्स घेऊन आलेल्या बेलिफाला पाहून मागच्या दाराने निघून जाणारे किंवा 'घरात नाही' म्हणून सांगणारे लोक असतात. त्यांना वाटते, समन्स घेतलेच नाही तर काम पुढे कसे सरकेल? काम पुढे सरकते! समन्स बजावण्याच्या दुसऱ्या वाटा कायद्यात आहेत, आणि मुद्दाम टाळाटाळ करणाऱ्याविरुद्ध एकतर्फी हुकूम होऊ शकतो. मग तो रद्द करून घ्यायला पळापळ करावी लागते. त्यापेक्षा समन्स घ्यावे, तारखेला जावे, आणि आपले म्हणणे लेखी द्यावे, हे शहाणपणाचे.

कुटुंब न्यायालयाचे पहिले काम निकाल देणे हे नाही. समेटाची शक्यता दिसत असेल तर तसा प्रयत्न आधी करावा, असे कायद्यानेच न्यायाधीशांवर बंधन घातले आहे. त्यासाठी तिथे विवाह समुपदेशक असतात. ते दोघांना बोलावून घेतात, कधी एकत्र बसवतात, कधी वेगवेगळे ऐकतात. गरज पडली तर घरीही जाऊन पाहतात. त्यांच्या खोलीत जे बोलणे होते ते गुप्त राहते. समुपदेशकाला पुढे साक्षीदार म्हणून उभे करता येत नाही. म्हणून तिथे मन मोकळे करून बोलावे. सासूच्या एका शब्दावरून सुरू झालेले भांडण की दारूच्या व्यसनाने पोखरलेले घर, दुखणे कुठे आहे ते तिथे उकलते. समेट झाला तर अटी कागदावर येतात. मात्र समेट म्हणजे मुकाट्याने मार खायला परत जाणे नव्हे. 'मला जिवाची भीती वाटते' हे वाक्य पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे. ते सांगायला लाजू नये.

समेट झाला नाही तर सुनावणी होते. घरातली बोलणी चारचौघांसमोर निघणार, या भीतीने अनेक बाया गप्प बसतात. तर ऐका: दोघांपैकी एकानेही मागणी केली, तरी कुटुंब न्यायालयाला काम बंद खोलीत चालवावे लागते. शिवाय पुराव्याचे काटेकोर नियम इथे थोडे सैल आहेत. वाद समजून घ्यायला उपयोगी पडेल असा कागद किंवा साक्ष न्यायाधीश पाहू शकतात. वकिलाचे म्हणाल, तर या न्यायालयात वकील देणे हा पक्षकाराचा आपोआप हक्क नाही. त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. कायद्याचा हेतू असा की, माणसांनी स्वतः बोलावे. प्रत्यक्षात वकिलांना परवानगी बहुधा मिळते, आणि गुंतागुंतीच्या कामात ते बरेही पडते. पण वकील नाही म्हणून कोणाला दारातून परत पाठवत नाहीत.

आता पोटगी. सगळ्यात जास्त गरजेचा आणि सगळ्यात जास्त गैरसमजांचा हा विषय आहे. पूर्वी लोक 'एकशे पंचवीसची केस' म्हणत. फौजदारी प्रक्रिया संहितेचे ते कलम होते. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, आणि तीच तरतूद आता १४४ व्या कलमात आहे. नंबर बदलला, हक्क तोच राहिला. ऐपत असूनही जो सांभाळ करत नाही त्याच्याकडून पोटगी मागता येते. कोणाला? स्वतःचे पोट भरू न शकणाऱ्या बायकोला. अज्ञान मुलांना, मग ती औरस असोत वा अनौरस. आणि स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या आईबापांना. घटस्फोट झालेली, पण पुन्हा लग्न न केलेली स्त्रीही यात येते. हे कलम कोणत्याही धर्माला लागू आहे. घटस्फोटित मुसलमान स्त्रीलाही त्याचा आधार घेता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. पहिले लग्न लपवून फसवणुकीने लग्न केलेल्या स्त्रीलाही त्या पुरुषाकडून पोटगी मिळू शकते, असा निकाल २०१३ साली लागला. आणि आईबापांची जबाबदारी मुलग्यांवरच असते असे समजू नका. लग्न झालेल्या कमावत्या मुलीवरही ती असते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली सांगितले आहे. म्हाताऱ्यांसाठी २००७ चा निराळा कायदाही आहे. त्याखाली अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडे करता येतो.

पोटगी मिळत नाही ती केव्हा? बायको व्यभिचारात राहत असेल, काही सबळ कारण नसताना नांदायला नाकारत असेल, किंवा दोघे आपसांतल्या संमतीने वेगळे राहत असतील, तर. पण मारहाण, छळ, किंवा नवऱ्याने दुसरी बाई घरात आणणे ही सबळ कारणेच आहेत. आणि बायको शिवणकाम करून किंवा मजुरीला जाऊन थोडेफार मिळवते, एवढ्याने तिचा हक्क जात नाही. सासरी जशी राहत होती तसे राहता येईल का, हे न्यायालय पाहते.

किती मिळते, याचा ठरीव दर नाही. पूर्वी महिना पाचशे रुपयांची कमाल मर्यादा होती. ती २००१ साली काढून टाकली. आता नवऱ्याचे उत्पन्न, त्याच्यावरचे इतर बोजे, बायकोच्या गरजा, मुलांची शाळा आणि आजारपण हे सारे पाहून आकडा ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये घालून दिलेल्या नियमाप्रमाणे दोघांनाही आपापली मिळकत आणि देणी प्रतिज्ञापत्रावर सांगावी लागतात. पोटगी धरायची ती अर्जाच्या तारखेपासून, हेही त्याच निकालात सांगितले आहे. म्हणून अर्जाला उशीर करू नये. जितके महिने आपण 'बघू, बघू' म्हणतो तितक्या महिन्यांचे पैसे आपणच सोडतो.

नोकरदाराचा पगार कागदावर दिसतो. शेतकऱ्याचे काय? 'माझं उत्पन्नच नाही, पावसानं सारं नेलं' असे सांगितले की काम भागते, असा समज आहे. तसे नाही. सातबारा आणि आठ-अ चा उतारा, साखर कारखान्याचे उसाचे बिल, दूध डेअरीच्या पावत्या, बाजार समितीची पट्टी, सोसायटीच्या कर्जाचा उतारा, ट्रॅक्टर किंवा मोटारसायकलीचे कागद, बँकेचे पासबुक, यांतून शेतकऱ्याचे उत्पन्न बोलते. मागणाऱ्या बाजूने यांतले जे मिळेल ते जमवावे. त्याखेरीज लग्नाची पत्रिका आणि फोटो, विवाह नोंदणीचा दाखला असल्यास तो, मुलांचे जन्मदाखले, आधार कार्ड, आणि दवाखान्याचे कागद हेही एका पिशवीत नीट ठेवावेत. मूळ कागद कोणाला देऊन टाकू नयेत; त्यांच्या झेरॉक्स द्याव्यात.

निकाल लागेपर्यंत चूल कशी पेटायची? त्यासाठी अंतरिम पोटगी मागता येते. दुसऱ्या बाजूला नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत त्या अर्जाचा निकाल द्यावा, असे कायदा म्हणतो. 'शक्यतो' हा शब्द लक्षात ठेवा. गर्दीच्या न्यायालयात जास्त वेळ जातो, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. हुकूम झाला आणि तरीही पैसे आले नाहीत, तर वसुलीचा अर्ज करावा. मालावर जप्ती येते, आणि कारणाशिवाय थकवलेल्या दर महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. तुरुंगात जाऊन आला म्हणून थकबाकी माफ होत नाही. मात्र थकबाकीच्या वसुलीसाठी वर्षाच्या आत अर्ज केला पाहिजे. कित्येक बाया दोन-तीन वर्षे वाट पाहतात आणि मग जुने पैसे या वाटेने हातचे जातात.

घटस्फोटाविषयी आता थोडे. लग्नाला वर्ष झाल्याखेरीज सहसा अर्ज घेत नाहीत. क्रूर वागणूक, दोन वर्षे टाकून देणे, व्यभिचार, धर्मांतर, सात वर्षे ठावठिकाणा नसणे अशी काही कारणे हिंदू विवाह कायद्यात दिली आहेत. त्यांत महारोगाचेही कारण होते; तो औषधाने पूर्ण बरा होणारा रोग असल्यामुळे २०१९ साली ते काढून टाकले. दोघांचीही वेगळे होण्याची मर्जी असेल तर १९७६ पासून परस्पर संमतीची वाट आहे. वर्षभर वेगळे राहिल्यावर दोघांनी मिळून अर्ज करायचा, आणि सहा महिन्यांनी पुन्हा येऊन 'आमचा विचार कायम आहे' असे सांगायचे. समेटाची काहीच आशा नसेल आणि पोटगी, मुले, मालमत्ता यांचा निकाल लागलेला असेल, तर ही सहा महिन्यांची अट न्यायालय शिथिल करू शकते, असे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. दुसऱ्या वेळी येईपर्यंत कोणालाही आपली संमती मागे घेता येते. म्हणजे स्टॅम्पपेपरवर जे पंच लिहून देतात तेच इथे कायदेशीर होते, आणि मुलीच्या सहीमागे दडपण नाही ना, हे न्यायाधीश स्वतः विचारून घेतात. फरक आहे तो एवढाच, पण फार मोठा! हुकूमनामा झाल्यावरही अपिलाची मुदत संपेपर्यंत दुसऱ्या लग्नाची घाई करू नये.

आता मुलांकडे येऊ, कारण भांडणात ज्यांचे म्हणणे कोणी विचारत नाही ती हीच. 'मूल बापाचं' असे आपल्याकडे ठासून सांगतात. कायदा तसे म्हणत नाही. मुलाचे कल्याण कशात, हा एकच प्रश्न न्यायालय सर्वांत वर ठेवते. पाच वर्षांखालचे मूल सर्वसाधारणपणे आईपाशी ठेवतात. मूल समजते झाले असेल तर न्यायाधीश त्याच्याशी स्वतः बोलून त्याचा कल पाहतात. ज्याच्याकडे ताबा नाही त्यालाही भेटीचा वार, वेळ, सुट्टीतले दिवस ठरवून मिळतात. ताब्याचा हुकूम कायमचा दगडावर कोरलेला नसतो. परिस्थिती बदलली तर तो बदलून मागता येतो. आणि एक लक्षात ठेवा: भेटू देत नाही म्हणून पोटगी बंद करणे, किंवा पोटगी येत नाही म्हणून भेट बंद करणे, दोन्ही चूक. पोटगी मुलाच्या ताटातली भाकरी आहे आणि भेट त्याच्या मनाची भूक आहे. एकीसाठी दुसरी अडवून ठेवू नये.

गुरुजी आणि बाई, इथे तुमची गाठ पडते. आईबापांचे भांडण एक दिवस शाळेच्या फाटकात येतेच. बाप म्हणतो, 'मी पोराला घेऊन जातो'. आई सांगून गेलेली असते, 'माझ्याशिवाय कोणाकडे देऊ नका.' अशा वेळी तुम्ही न्यायाधीश होऊ नका. ताब्याचा हुकूम असल्यास त्याची सही-शिक्क्याची नक्कल मागून घ्या, फाईलला लावा आणि तिच्याप्रमाणे वागा. हुकूम नसेल तर नेहमी कोण मूल पोचवते-नेते याची नोंद ठेवा, मुलाला ओढाताणीत देऊ नका, मुख्याध्यापकांना सांगा, आणि दोन्ही पालकांना सामोपचाराने किंवा न्यायालयातून लेखी आणायला सांगा. दाखला हवा असेल तर नियमाप्रमाणे द्या. नोंदवहीत कोणाच्या सांगण्यावरून नाव किंवा तारीख बदलू नका. तुमची ती नोंदवही उद्या न्यायालयात साक्षीला जाते. आणि वर्गात ते मूल गप्प झाले, डबा आणेनासे झाले, तर ते सगळ्यांत आधी तुम्हालाच दिसते. त्याच्यासमोर त्याच्या आईबापांची चर्चा होऊ देऊ नका, एवढे केले तरी पुष्कळ झाले.

तुमच्या नोंदवहीचा आणखी एक उपयोग आहे. मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस पुरी झाल्याशिवाय लग्न लावता येत नाही. सातवी-आठवीतली मुलगी अचानक शाळेत येईनाशी झाली आणि घरी मांडवाची तयारी दिसली, तर २००६ च्या कायद्याखाली गावपातळीवर ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत. त्यांना कळवा, किंवा १०९८ या नंबरावर मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा. आणि असे लग्न लागूनच गेले असेल, तर ते रद्द करून मागण्याचा हक्क त्या मुलीला सज्ञान झाल्यावर आणखी दोन वर्षेपर्यंत असतो. ही गोष्ट तिला कोणीतरी सांगायला हवी ना?

घरात मारहाण होत असेल तर घटस्फोटाची वाट पाहण्याची गरज नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा त्यासाठीच आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी अशी तरतूद आहे. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असले तरी सुनेला त्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो. रात्री-अपरात्री जिवावर बेतले तर ११२ वर पोलीस आणि १८१ वर महिलांची हेल्पलाइन आहे.

'हे सगळं खरं, पण पैसा कुठून आणायचा?' हा शेवटचा आणि रास्त प्रश्न. स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, अपंगांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, आणि त्यासाठी त्यांचे उत्पन्न पाहत नाहीत. तुमच्या तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारातच तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय असते. तिथे साधा अर्ज करावा. फोनसाठी १५१०० हा नंबर आहे. शिवाय पोटगी, घटस्फोट, मालमत्ता आणि हिंसाचार यांच्या कामात महाराष्ट्रात स्त्रियांना १९९४ पासून न्यायालयाची फी माफ आहे. दलालाला पैसे देण्याचे काहीच कारण नाही. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कोणी मागितला, तर तो मुळीच देऊ नये.

मंडळी, न्यायालय काही जादूचा दिवा नाही. तिथे वेळ लागतो, मजुरी बुडवून तारखा कराव्या लागतात, आणि निकालाने तुटलेले मन जुळत नाही. शक्य असेल तिथे पारावर, ओसरीवर, समुपदेशकाच्या खोलीत वाद मिटवावा, हेच बरे. पण जिथे एकाला बोलूच देत नाहीत, तिथला समेट हा समेट नसतो. म्हणून पुढच्या वेळी गावातली एखादी लेक माहेरी परत आली, तर तिला म्हण ऐकवण्याआधी तिला विचारा, 'बाई, तुझं काय म्हणणं आहे?' आणि तिचे म्हणणे ऐकून झाले की तालुक्याला जाणाऱ्या एस.टी.त तिच्या सोबतीला बसा. एकटीला जी पायरी डोंगराएवढी वाटते, ती सोबत असली म्हणजे पायरीएवढीच राहते.